हितसंबंधी गट आणि अधिराष्ट्रीय धोरणनिर्मिती : युरोपीय समुदायाचा ऐतिहासिक अनुभव

प्रस्तावना

‘दबावगट’ ही संकल्पना मराठी राज्यशास्त्रीय लेखनात बहुधा राष्ट्रराज्याच्या चौकटीत मांडली जाते. विधिमंडळ, मंत्रिमंडळ आणि नोकरशाही यांच्या बाहेर उभे राहून त्यांच्या निर्णयांवर प्रभाव टाकणारा संघटित गट, असे तिचे रूढ स्वरूप आहे. अर्थात व्यवहारात ‘बाहेर’ आणि ‘आत’ यांतील सीमारेषा इतकी स्पष्ट नसते. महाराष्ट्रात ‘साखर लॉबी’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांच्या नित्याच्या भाषेतला झाला आहे. पण सहकारी कारखान्याचा अध्यक्षच अनेकदा विधानसभेचा सदस्य किंवा मंत्री असल्यामुळे दबाव आणणारा कोण आणि तो सोसणारा कोण, हे सांगणे कठीण होते. तरीही तेथे एक गोष्ट निश्चित असते. सत्ता कोणाच्या तरी मतांवर उभी असते आणि मतदारसंघाच्या गणिताने गटाचे बळ मोजता येते.

ज्या सत्ताकेंद्राला स्वतःचा मतदारसंघ नाही, स्वतःचे पोलीस वा सैन्य नाही, कर्मचारीवर्ग तुटपुंजा आहे आणि तरीही ज्याचे निर्णय अनेक सार्वभौम राष्ट्रांवर बंधनकारक ठरतात, अशा केंद्राशी हितसंबंधी गटांचे नाते कसे असते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथमच प्रत्यक्ष उभा राहिला. तो उभा राहिला पश्चिम युरोपात. ब्रुसेल्समधील लॉबिंगविषयी जे लोकप्रिय लेखन होते, त्यात बलाढ्य कंपन्यांनी एका निष्पाप नोकरशाहीला वेढा घातल्याचे चित्र रंगविलेले असते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. युरोपीय समुदायात हितगटांना दरवाजे फोडून आत यावे लागले नाही. त्यांना आवर्जून बोलावण्यात आले, काही वेळा तर ते घडविण्यात आले. कारण माहिती, अंमलबजावणीतील सहकार्य आणि मान्यता या तिन्हींची उणीव असलेल्या अधिराष्ट्रीय संस्थेला त्यांच्यावाचून चालणे शक्य नव्हते. पुढे ज्यांना प्रथम खुर्ची मिळाली त्यांना उठविणे यजमानाला जमले नाही. प्रस्तुत निबंधात या प्रक्रियेचा मागोवा घेतला आहे.

कोळसा-पोलाद समुदायाची सल्लागार समिती

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमाँ यांनी जाहीर केलेली योजना ज्याँ मॉने आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी अत्यंत गुप्तपणे तयार केली होती. ज्या उद्योगांवर तिचा परिणाम होणार होता, त्या फ्रेंच पोलाद उत्पादकांना तिची कल्पना नव्हती. त्यांच्या संघटनेने योजनेला कडवा विरोध केला. तथापि १८ एप्रिल १९५१ च्या पॅरिस करारात याच उत्पादकांसाठी जागा राखून ठेवलेली आढळते. नऊ सदस्यांच्या उच्चाधिकार मंडळाच्या जोडीला किमान ३० आणि कमाल ५१ सदस्यांची एक सल्लागार समिती नेमण्याची तरतूद करारात होती आणि तीत उत्पादक, कामगार आणि ग्राहक-व्यापारी यांना समान संख्येने प्रतिनिधित्व द्यावयाचे होते. मॉने हे त्यापूर्वी फ्रान्सच्या राष्ट्रीय नियोजनाचे प्रमुख होते. तेथील आधुनिकीकरण आयोगांत मालक, कामगार संघटना आणि शासकीय अधिकारी यांना एकाच मेजाभोवती बसविण्याची पद्धत त्यांनी रूढ केली होती. तीच पद्धत लक्झेंबर्गला नेण्यात आली.

अमेरिकी अभ्यासक अर्न्स्ट हास यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अनुभवावरून एक सिद्धान्त मांडला. निर्णय जेथे होतात तेथे हितगट आपले लक्ष वळवितात; हळूहळू त्यांच्या अपेक्षा आणि निष्ठा नव्या केंद्राशी जोडल्या जातात; आणि या रेट्यामुळे एकात्मीकरण एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात पसरत जाते. ‘नवकार्यवाद’ या नावाने हा सिद्धान्त ओळखला जातो. ग्रंथाची शाई वाळण्यापूर्वीच त्याला पहिला धक्का बसला, असे म्हणावे लागेल. १९५८-५९ मध्ये कोळशाचे साठे पडून राहू लागले, तेव्हा ‘उघड संकट’ जाहीर करून उत्पादनावर नियंत्रण आणण्याचा उच्चाधिकार मंडळाचा प्रस्ताव मे १९५९ मध्ये सदस्य राष्ट्रांच्या मंत्रिपरिषदेने फेटाळला. संकटकाळात उत्तरे शोधली गेली ती राष्ट्रीय राजधान्यांत. संकट आले की लोक जुन्या देवाला नवस बोलतात, तसाच हा प्रकार होता. नव्या केंद्राभोवती हितगट जमतात हे हास यांचे निरीक्षण खरे होते. ते तेथेच निष्ठा वाहतात, हा निष्कर्ष घाईचा होता.

कृषी धोरण : यजमान आणि पाहुणा

हितगट आणि अधिराष्ट्रीय संस्था यांच्या नात्याचा सर्वांत बोलका अध्याय शेतीचा आहे. २५ मार्च १९५७ च्या रोम कराराने समाईक कृषी धोरणाची उद्दिष्टे सांगितली. साधने मात्र संदिग्ध ठेवली. १ जानेवारी १९५८ रोजी करार अमलात आला आणि शेतीची जबाबदारी नेदरलँड्सचे सिको मान्सहोल्ट यांच्याकडे आली. मान्सहोल्ट स्वतः शेतकरी होते आणि १९४५ पासून सलग बारा-तेरा वर्षे आपल्या देशाचे कृषिमंत्री होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या भुकेची स्मृती त्यांच्या पिढीच्या मनात ताजी होती. सहा देशांतील शेतीच्या किमती, आधार योजना आणि बाजारव्यवस्था परस्परांहून भिन्न होत्या. त्यांचा तपशील राष्ट्रीय मंत्रालयांच्या आणि शेतकरी संघटनांच्या हाती होता. ब्रुसेल्समधील नव्या आयोगाकडे ना ती आकडेवारी होती, ना ती गोळा करण्याइतकी माणसे.

जुलै १९५८ मध्ये इटलीतील स्ट्रेसा येथे भरलेल्या कृषी परिषदेस शासकीय प्रतिनिधींबरोबर शेतकरी संघटनांनाही निमंत्रण होते. दोनच महिन्यांत, सप्टेंबर १९५८ मध्ये, सहा देशांच्या संघटनांनी ‘कोपा’ हा महासंघ स्थापन केला. हे सहज घडले नाही. राष्ट्रीय संघटनांशी स्वतंत्र बोलणी करण्यापेक्षा युरोपीय पातळीवरील एकाच संघटनेशी विचारविनिमय करावा, ही आयोगाची भूमिका होती. त्यामागे दुहेरी हिशेब होता. सहा देशांचे मतभेद महासंघाच्या अंतर्गत बैठकीतच मिटले तर आयोगाचे काम हलके होणार होते. आणि शेतकऱ्यांचा पाठिंबा लाभला तर मंत्रिपरिषदेत राष्ट्रीय मंत्र्यांसमोर आयोगाची बाजू भक्कम होणार होती. उद्योगपतींच्या ‘युनिस’ या महासंघाचा जन्मही १९५८ चाच.

जानेवारी १९६२ मध्ये कृषी धोरणाची पहिली चौकट मान्य झाली. खरा कस लागला तो धान्याच्या समान किमतीच्या प्रश्नावर. पश्चिम जर्मनीतील किमती चढ्या होत्या आणि तेथील शेतकरी संघटना त्या खाली आणण्यास तयार नव्हती. दीर्घ वाटाघाटींनंतर १५ डिसेंबर १९६४ रोजी गव्हाची समान किंमत टनास ४२५ मार्क ठरली. जर्मन शेतकऱ्याला ती कमी वाटली आणि त्याला नुकसानभरपाई देण्यात आली. फ्रेंच शेतकऱ्याच्या दृष्टीने ती मोठी वाढ होती. आणि जागतिक बाजारभावापेक्षा ती बरीच वर होती. पुढील दोन दशकांत साठलेल्या लोण्याच्या ‘डोंगरां’चे आणि मद्याच्या ‘सरोवरां’चे मूळ अशा निर्णयांत आहे. १९८० च्या दशकात समुदायाच्या अर्थसंकल्पातील सुमारे दोन-तृतीयांश खर्च शेतीवर होत होता. वाढीव उत्पादन निर्यात अनुदान देऊन परदेशी खपविले जाई आणि त्याचा भार विकसनशील देशांतील उत्पादकांना भाव कोसळण्याच्या रूपाने सोसावा लागे. त्या उत्पादकांना ब्रुसेल्समध्ये खुर्ची नव्हती, हे वेगळे सांगावयास नको.

शेतकरी संघटनांचे बळ केवळ आयोगाच्या दालनापुरते नव्हते. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी अधिराष्ट्रीय अधिकारांच्या वाढीला विरोध म्हणून फ्रान्सचे प्रतिनिधी मंत्रिपरिषदेतून परत बोलाविले. त्या वर्षअखेरच्या निवडणुकीत फ्रान्सच्या सर्वांत मोठ्या शेतकरी संघटनेने द गॉल यांना मते न देण्याचे आवाहन केले. त्यांना पहिल्या फेरीत बहुमत मिळू शकले नाही. त्याला इतर कारणेही होती. तथापि एका राष्ट्रीय हितगटाने आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध युरोपीय संस्थेची बाजू घेतल्याचे हे ठळक उदाहरण होय. हास यांचा सिद्धान्त येथे क्षणभर खरा ठरला. मात्र ही निष्ठा युरोपच्या ध्येयावर होती की हमीभावावर, याचे उत्तर लवकरच मिळाले.

डिसेंबर १९६८ मध्ये मान्सहोल्ट यांनी एक धाडसी योजना मांडली. चढ्या किमतींनी लहान शेतकऱ्याचे उत्पन्न वाढत नाही, अतिरिक्त उत्पादन मात्र वाढते, हे त्यांना उमगले होते. म्हणून किमतींच्या आधारावरील भर कमी करावा, जमिनीचा काही भाग लागवडीतून काढावा, मोठी व कार्यक्षम शेतघटके निर्माण करावीत आणि १९८० पर्यंत सुमारे ५० लाख लोकांना निवृत्तिवेतन वा प्रशिक्षण देऊन शेतीबाहेर पडण्यास साहाय्य करावे, असे त्यांनी सुचविले. योजनेचे आर्थिक तर्कशास्त्र आजही खोडून काढणे अवघड आहे. माणसाला जमिनीवरून उठविण्याची भाषा मात्र कोणत्याही देशातील शेतकऱ्याला जशी लागते तशीच ती तेथेही लागली. फेब्रुवारी १९७१ मध्ये काही शेतकऱ्यांनी गाई थेट मंत्रिपरिषदेच्या बैठकीच्या दालनात नेल्या. २३ मार्च १९७१ रोजी ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर सुमारे लाखभर शेतकरी उतरले. त्या दिवशीच्या हिंसाचारात एक जण मृत्युमुखी पडला. १९७२ मध्ये जे निर्देश प्रत्यक्ष संमत झाले, त्यांत मूळ योजनेचा केवळ क्षीण अंश उरला होता.

ज्या महासंघाला मान्सहोल्ट यांनी १९५८ मध्ये आयोगाचा आधार म्हणून जवळ केले, त्याच्याच सदस्यांनी तेरा वर्षांनी त्यांची योजना निष्प्रभ केली. आयोगाने गट जवळ केला तेव्हा त्याच्याकडे पर्याय नव्हता. पण एकदा धोरणाची माहिती, भाषा आणि अंमलबजावणी या सर्व गोष्टी त्याच गटाच्या मार्फत होऊ लागल्या की धोरण बदलण्याची शक्ती आयोगाकडेही उरत नाही. किमतींच्या आधारात खरी कपात होण्यासाठी १९९२ सालच्या मॅकशॅरी सुधारणांपर्यंत वाट पाहावी लागली. त्या सुधारणांनाही गॅट वाटाघाटींतील बाह्य दबावाचे पाठबळ होते.

उद्योगपतींचे गोलमेज मंडळ आणि एकल बाजारपेठ

१९७० च्या दशकातील मंदीनंतर आयोगाचे लक्ष उद्योगांकडे वळले. उद्योग विभागाचे आयुक्त एतिएन दाविन्यों यांनी इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील बारा मोठ्या कंपन्यांना एकत्र आणले आणि त्यांच्या सहकार्यातून १९८४ मध्ये ‘एस्प्रि’ हा संशोधन कार्यक्रम सुरू झाला. त्यांच्याच प्रोत्साहनाने एप्रिल १९८३ मध्ये पॅरिस येथे ‘युरोपीय उद्योगपतींचे गोलमेज मंडळ’ स्थापन झाले. पुढाकार व्हॉल्वो कंपनीचे पेर युलेनहामार यांचा होता. स्वीडन तेव्हा समुदायाचा सदस्यही नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. हे मंडळ ‘युनिस’सारखा संघटनांचा महासंघ नव्हते, निवडक कंपन्यांचे प्रमुख त्यात व्यक्तिशः सहभागी होते. महासंघाला सर्व सदस्यांचे मत जुळवीत बसावे लागते. या मंडळाला ती अडचण नव्हती.

जानेवारी १९८५ मध्ये फिलिप्स कंपनीचे विस्से देक्कर यांनी ‘युरोप १९९०’ ही योजना ब्रुसेल्समध्ये मांडली. सीमेवरील औपचारिकता, तांत्रिक मानकांतील भिन्नता, शासकीय खरेदीतील राष्ट्रीय पक्षपात आणि करांतील तफावत पाच वर्षांत दूर करावी, अशी तिची मागणी होती. त्याच महिन्यात झाक देलोर आयोगाचे अध्यक्ष झाले. जूनमध्ये आयुक्त लॉर्ड कॉकफील्ड यांची श्वेतपत्रिका आली. जवळजवळ ३०० उपाय आणि १९९२ ची अंतिम मुदत असा तिचा आराखडा होता.

या घटनाक्रमाचा अर्थ काय लावावा, याविषयी अभ्यासकांत मोठा वाद झाला. वेन सँडहोल्ट्झ आणि जॉन झिसमन यांनी १९८९ मध्ये आयोग आणि उद्योगजगत यांच्या युतीला निर्णायक मानले. मारिया ग्रीन काउल्स यांनी गोलमेज मंडळाच्या कार्याचा तपशील पुढे आणून त्या मताला बळ दिले. उलट अँड्र्यू मोराव्हसिक यांनी १९९१ मध्ये असे प्रतिपादन केले की, एकल युरोपीय करार हा ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या शासनांच्या जुळून आलेल्या हितांचा परिपाक होता. १९८३ मध्ये मित्तराँ यांच्या शासनाने आपले आर्थिक धोरण बदलले नसते तर उद्योगपतींची योजना कागदावरच राहिली असती, हा त्यांच्या भूमिकेतून निघणारा मुद्दा वजनदार आहे. तथापि हा वाद काहीसा कृत्रिम वाटतो. जे उद्योगपती ब्रुसेल्सला येत होते, तेच आपापल्या राजधान्यांत मंत्र्यांनाही भेटत होते. त्यांनी निर्णय घेतला नाही हे खरे. पण निर्णय कोणत्या प्रश्नावर घ्यावयाचा आणि त्याची भाषा कोणती असावी, हे ठरविण्यात त्यांचा वाटा मोठा होता. कामगार संघटना आणि ग्राहक संघटना या टप्प्यावर चर्चेत जवळपास नव्हत्याच. ‘सामाजिक युरोप’ हा देलोर यांचा आग्रह नंतरचा. आणि तोपर्यंत बाजारपेठेचा आराखडा पक्का झाला होता.

ब्रुसेल्समधील गर्दी

१ जुलै १९८७ रोजी एकल युरोपीय करार अमलात आला आणि बाजारपेठेसंबंधीच्या बहुतेक प्रश्नांवर भारित बहुमताने निर्णय होऊ लागले. या एका तांत्रिक बदलाने हितगटांचा भूगोल बदलला. पूर्वी एखाद्या उद्योगाला नको असलेला प्रस्ताव अडविण्यासाठी आपल्या देशाच्या एका मंत्र्याला गाठणे पुरेसे होते. त्याचा नकाराधिकार पुरत असे. आता तोच मंत्री अल्पमतात जाऊ शकत होता. त्यामुळे मसुदा जेथे आकारास येतो तेथेच, म्हणजे आयोगाच्या कक्षाधिकाऱ्याजवळ, पोहोचणे आवश्यक झाले. आयोगाच्या १९९२ मधील निवेदनात सुमारे ३,००० हितगट आणि १०,००० पर्यंत माणसे या कामात असल्याचा अंदाज दिला होता. १९९३ मध्ये अमलात आलेल्या मास्ट्रिख्ट कराराने युरोपीय संसदेला सहनिर्णयाचा अधिकार दिल्यावर तिच्या समित्यांभोवतीही हीच गर्दी जमली.

मँकर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले होते की, थोड्यांचे एकवटलेले हित सहज संघटित होते आणि अनेकांचे विखुरलेले हित विखुरलेलेच राहते. युरोपीय ग्राहक संघटनांचा महासंघ १९६२ मध्ये, तर पर्यावरण संघटनांचा १९७४ मध्ये स्थापन झाला होता. पण साधनसामग्रीत त्यांची उद्योगांशी तुलना नव्हती. आयोगाने अशा संघटनांना अर्थसाहाय्य देण्यास सुरुवात केली, ते केवळ औदार्य म्हणून नव्हे. एकाच बाजूची माहिती मिळणाऱ्या नोकरशाहीला दुसरी बाजूही हवी असते, आणि ती उपलब्ध नसेल तर ती पोसावी लागते. सत्ताकेंद्राने स्वतःच्या टीकाकारांना अनुदान द्यावे, हे भारतीय वाचकास चमत्कारिक वाटेल. १९५८ च्या तर्काचाच तो पुढचा टप्पा होता.

रसायनांचा कायदा आणि बाहेरचे उत्पादक

या दुसऱ्या बाजूची परीक्षा ‘रीच’ या रसायनविषयक नियमनात झाली. १९८१ पूर्वी बाजारात आलेली सुमारे एक लाख रसायने पुरेशा तपासणीविना वापरात होती. फेब्रुवारी २००१ च्या श्वेतपत्रिकेने सिद्धतेचा भार शासनाकडून उत्पादकाकडे वळविण्याचे सुचविले. जर्मन रसायन उद्योगाने रोजगार बुडण्याचा इशारा दिला; सप्टेंबर २००३ मध्ये ब्लेअर, शिराक आणि श्रोडर यांनी आयोगाच्या अध्यक्षांना संयुक्त पत्र लिहिले; अमेरिकी शासनानेही आपल्या उद्योगांच्या वतीने हस्तक्षेप केला. मसुद्यावरील खुल्या विचारविनिमयात ६,००० हून अधिक प्रतिसाद आले. ऑक्टोबर २००३ चा प्रस्ताव मूळ कल्पनेहून सौम्य होता. पॉलिमर नोंदणीतून वगळले गेले आणि अल्प प्रमाणात तयार होणाऱ्या रसायनांवरील अटी शिथिल झाल्या. तरीही डिसेंबर २००६ मध्ये संमत झालेला कायदा जगातील सर्वांत कठोर रसायन कायद्यांपैकी एक ठरला. पर्यावरण आणि ग्राहक संघटनांनी संसदेत धरलेला नेट त्यास अंशतः कारणीभूत होता.

या कायद्याचा संबंध महाराष्ट्राशीही येतो. तळोजे, तारापूर, लोटे-परशुराम येथील औद्योगिक वसाहतींत रसायनांचे असंख्य लहान-मोठे कारखाने आहेत. २००६ मध्ये अमेरिका, जपान, भारत इत्यादी देशांच्या ब्रुसेल्समधील प्रतिनिधींनी कायद्याविषयी संयुक्त निवेदन काढले. जागतिक व्यापार संघटनेच्या समितीतही भारताने आक्षेप नोंदविले. परंतु हे घडेपर्यंत मसुद्याची मुख्य चौकट ठरून गेली होती. जून २००७ पासून युरोपीय संघाबाहेरील उत्पादकाला स्वतः नोंदणी करता येत नाही; संघातील आयातदाराने ती करावी किंवा संघात वास्तव्य असलेला ‘एकमेव प्रतिनिधी’ नेमून त्याच्या मार्फत ती करावी लागते. जर्मन उद्योगाला जो आवाज मसुद्याच्या वेळी होता, तो भारतीय उत्पादकाला पैसे मोजून, आणि तोही केवळ नियमपालनापुरता, विकत घ्यावा लागला.

नोंदवही आणि पुन्हा ट्रॅक्टर

पारदर्शकतेचा प्रश्न उशिरा आला. आयुक्त सीम कालास यांनी २००५ मध्ये त्याला तोंड फोडले. २००८ मध्ये आयोगाची ऐच्छिक नोंदवही, २०११ मध्ये संसद आणि आयोग यांची संयुक्त नोंदवही आणि २०२१ मध्ये मंत्रिपरिषदेचा सहभाग, अशी तिची वाटचाल झाली. मार्च २०११ मध्ये ब्रिटिश पत्रकारांनी लॉबिस्ट असल्याची बतावणी करून काही संसद सदस्यांना पैशांच्या मोबदल्यात दुरुस्त्या मांडण्यास तयार केल्याचे प्रकरण गाजले आणि डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी शासनांकडून लाच घेतल्याच्या आरोपावरून संसदेशी संबंधित व्यक्तींना अटक झाली. अशा घटनांनी वृत्तपत्रांचे रकाने भरतात. प्रभावाचा मोठा भाग मात्र पूर्णतः कायदेशीर असतो आणि नोंदवहीत तो दिसतो तो केवळ नाव, खर्च आणि भेटीची तारीख एवढ्यापुरता.

त्याचे प्रत्यंतर २०२४ च्या आरंभी आले. जून २०२२ मध्ये आयोगाने रासायनिक कीटकनाशकांचा वापर २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये संसदेने तो फेटाळला. पाठोपाठ डिझेलच्या सवलती, स्वस्त आयात आणि पर्यावरणीय अटी यांविरुद्ध अनेक देशांत शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. ब्रुसेल्समध्ये पुन्हा ट्रॅक्टर अवतरले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेअर लायन यांनी प्रस्ताव मागे घेण्याची घोषणा केली. दरम्यान, २५ जानेवारीस आयोगाने शेतीच्या भवितव्यावर एक ‘व्यूहात्मक संवाद’ सुरू केला होता. पीटर स्ट्रोहश्नायडर यांच्या अध्यक्षतेखालील त्या मेजाभोवती २९ प्रतिनिधींना स्थान होते आणि ‘कोपा’च्या शेजारी या वेळी ग्राहक आणि पर्यावरण संघटनाही बसल्या होत्या. त्यांचा एकमताचा अहवाल ४ सप्टेंबर २०२४ रोजी सादर झाला. कीटकनाशकांविषयीची घोषणा त्यापूर्वी सात महिने होऊन गेली होती.